धातूची पकड ओळखणारा वेर्नर

वणी तालुक्यातले राजूर ओळखले जाते ते कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी. भट्टीत चुनखडी ९०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. या चुन्याचा जीव म्हणजे कॅल्शियम हा धातू. घराच्या भिंतीवर, पानाच्या डब्यात, साखर कारखान्यात, सांडपाण्याच्या टाकीत तो वेगवेगळ्या रूपांत भेटतो. हाच कॅल्शियम माणसाच्या रक्तातही विरघळलेला असतो आणि त्याच्याशिवाय रक्त गोठत नाही.

राजूरचा एखादा रुग्ण वणीला रक्त तपासायला जातो, तेव्हा त्याचे रक्त जांभळ्या झाकणाच्या छोट्या नळीत घेतात. तंत्रज्ञ ती नळी हलकेच खालीवर करतो. नळीच्या आतल्या बाजूला ईडीटीए नावाच्या रसायनाचा पातळ थर असतो. रक्त नळीत पडताच हे रसायन त्यातला कॅल्शियम पकडून ठेवते. कॅल्शियम अडकला की रक्त गोठायचे थांबते आणि मग हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट मोजता येतात. सिकलसेलची तपासणीही याच नळीतल्या रक्तावर होते. दवाखान्यातली ही युक्ती कारखान्यात फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिथे नळीच्या जागी उंच टाक्या असतात आणि त्यांत भरलेले रेझिनचे बारीक मणी पाण्यातले धातू वेचून काढतात.

धातूला असे पकडता येते, त्याच्याभोवती नेमक्या किती जागा असतात आणि त्या कोणत्या दिशांना असतात, हे पहिल्यांदा ओळखले आल्फ्रेड वेर्नर यांनी. त्यांनी ना रुग्ण तपासले, ना कारखाना चालवला. त्यांचे आयुष्य गेले कोबाल्टच्या रंगीत क्षारांमध्ये.

गोठ्यामागची प्रयोगशाळा नव्हे, घरामागचे कोठार

वेर्नर यांचा जन्म १२ डिसेंबर १८६६ रोजी अल्सास प्रांतातल्या म्युलूझ या गिरण्यांच्या गावी झाला. वडील लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे. आल्फ्रेड हे शेंडेफळ. तो जन्मला तेव्हा म्युलूझ फ्रान्समध्ये होते. तो चार-पाच वर्षांचा असताना युद्धात फ्रान्स हरला आणि १८७१ मध्ये गाव जर्मनीत गेले. शाळेची आणि सरकारची भाषा बदलली, घरातली फ्रेंच मात्र टिकली. पुढे वेर्नर यांनी आपले बहुतेक शोध जर्मन भाषेत लिहिले, पण अल्सासची ओढ कधी सुटली नाही.

मुलाला रसायनांचे वेड लवकर लागले. घरामागच्या कोठारात त्याने स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती. लष्करातली सक्तीची वर्षभराची नोकरी कार्ल्सरूह येथे करत असतानाही तो तिथल्या तंत्रशाळेतल्या रसायनशास्त्राच्या तासांना जाऊन बसे. १८८६ मध्ये त्याने झ्युरिकच्या तांत्रिक विद्यापीठात प्रवेश घेतला. गणितात आणि भूमितीच्या आकृत्या काढण्यात तो कच्चा होता. गंमत अशी, की ज्याला कागदावरची भूमिती जमली नाही, त्यानेच पुढे अणूंच्या भूमितीत इतिहास घडवला.

१८९० मध्ये आर्थर हांट्श यांच्या हाताखाली वेर्नर यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता नायट्रोजनच्या संयुगांमध्ये अणू अवकाशात कसे मांडलेले असतात हा. रेणू म्हणजे कागदावर काढलेले अक्षरांचे सूत्र नसून त्याला लांबी, रुंदी आणि उंची असते, ही दृष्टी त्यांना इथे मिळाली. त्यानंतर काही काळ पॅरिसला बर्तलो यांच्याकडे काम करून ते १८९२ मध्ये झ्युरिकला परतले.

मध्यरात्री सुटलेले कोडे

त्या काळी रसायनशास्त्रात एक अडचण सर्वांना छळत होती. कोबाल्ट आणि क्लोरीन यांचे क्षार तयार होतात, तेव्हा एक कोबाल्ट तीन क्लोरीन सांभाळतो. इथपर्यंत हिशेब जुळत होता. पण हाच क्षार वर सहा, पाच किंवा चार अमोनियाही सामावून घेई आणि प्रत्येक वेळी वेगळा रंग दाखवी. पिवळा, जांभळट लाल, हिरवा. धातूची तीनची क्षमता संपल्यावर हे जास्तीचे पाहुणे कुठे बसतात?

आणखी एक गोष्ट चक्रावून टाकणारी होती. सिल्व्हर नायट्रेट घातले की पाण्यात मोकळा असलेला क्लोरीन पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसतो. सहा अमोनियाच्या क्षारातून तिन्ही क्लोरीन असे खाली बसत. पाच अमोनियाच्या क्षारातून दोनच, चारच्या क्षारातून एकच. उरलेले क्लोरीन कुठेतरी अडकून राहिलेले होते. कोपनहेगनचे सोफुस मॅड्स योर्गेनसेन हे या क्षारांचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी अमोनियाच्या साखळ्या कल्पून याचे उत्तर मांडले होते. बहुतेकांना ते पटले होते.

वेर्नर तेव्हा २६ वर्षांचे होते आणि या क्षारांवर त्यांचे स्वतःचे प्रयोग जवळपास नव्हतेच. एका रात्री दोनच्या सुमारास त्यांना जाग आली ती उत्तर डोक्यात घेऊनच. ते उठून लिहायला बसले. कडक कॉफी घेत ते लिहीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाचपर्यंत लेख पुरा झाला. १८९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्यांचे म्हणणे साधे होते. धातूला दोन प्रकारची क्षमता असते. एक विद्युतभाराचा हिशेब मिटवणारी, ती कोबाल्टच्या बाबतीत तीन. दुसरी, धातूच्या अगदी जवळ किती शेजारी बसू शकतात ती, आणि कोबाल्टच्या बाबतीत ती सहा. हे सहा शेजारी वाटेल तसे गर्दी करत नाहीत. एक वर, एक खाली आणि चार चहूबाजूंना, अशा अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर ते बसतात. अमोनिया कमी पडला की रिकामी जागा क्लोरीन घेतो. जागेवर बसलेला क्लोरीन धातूशी जखडलेला असतो, म्हणून तो सिल्व्हर नायट्रेटला सापडत नाही. बाहेर राहिलेला सापडतो. एका फटक्यात सगळे आकडे जुळले.

अठरा वर्षांची परीक्षा

कल्पना देखणी होती, पण तिला पुरावा हवा होता. इटालियन सहकारी मिओलाती यांच्याबरोबर वेर्नर यांनी या क्षारांच्या द्रावणातून वीज किती वाहते ते मोजले. मोकळे आयन जितके जास्त, तितकी वीज जास्त. मोजमाप त्यांच्या बाजूने गेले.

योर्गेनसेन यांनी मात्र एका जागी बोट ठेवले. सहा कोपऱ्यांवर चार अमोनिया आणि दोन क्लोरीन बसवले, तर दोन क्लोरीन शेजारी असतील किंवा समोरासमोर. म्हणजे या क्षाराचे दोन प्रकार असायला हवेत. हिरवा प्रकार सर्वांना माहीत होता. दुसरा कुठे आहे? वेर्नर यांच्याकडे उत्तर नव्हते. हा हरवलेला दुसरा प्रकार, जांभळा, त्यांना १९०७ मध्ये तयार करता आला. सिद्धान्त मांडून १४ वर्षे झाली होती. योर्गेनसेन यांनी आपला विरोध मागे घेतला. या वादाची एक बाजू विसरू नये. वेर्नर यांच्या सिद्धान्ताचा पाया योर्गेनसेन यांनी वर्षानुवर्षे काटेकोरपणे केलेल्या प्रयोगांवरच उभा होता.

दरम्यान वेर्नर झ्युरिक विद्यापीठात प्राध्यापक झाले होते, स्विस नागरिक झाले होते, लग्न होऊन दोन मुलांचे वडीलही झाले होते. त्यांच्या हाताखाली दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या काळी युरोपातल्या फार थोड्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश होता; झ्युरिक त्यांपैकी एक. इंग्लंडच्या एडिथ हम्फ्री यांनी १९०१ मध्ये वेर्नर यांच्याकडेच डॉक्टरेट पूर्ण केली. नवी इमारत १९०९ मध्ये मिळाली. तोवर हे सारे काम अंधाऱ्या, कोंदट तळघरात चाले. विद्यार्थी त्या जागेला भुयारी कबरस्तान म्हणत. अमोनिया आणि आम्लांच्या वाफांत ही माणसे दिवसभर उभी असत.

शेवटची परीक्षा सर्वांत अवघड होती. एथिलीनडायअमिन नावाचा एक रेणू आहे. त्याच्या दोन्ही टोकांना नायट्रोजन असतो, म्हणून तो धातूला दोन हातांनी धरतो आणि एकटाच दोन कोपरे व्यापतो. असे दोन किंवा तीन रेणू कोबाल्टभोवती बसले, तर अष्टफलकाच्या हिशेबाने डाव्या आणि उजव्या हातासारखी, आरशातल्या प्रतिबिंबासारखी जोडी तयार व्हायला हवी. अशी जोडी वेगळी केली की एक द्रावण ध्रुवित प्रकाश एका बाजूला वळवते, दुसरे दुसऱ्या बाजूला. ती वेगळी करण्यात वर्षे गेली. अखेर १९११ मध्ये व्हिक्टर किंग या अमेरिकन विद्यार्थ्याने कापरापासून बनवलेल्या एका आम्लाच्या मदतीने ते साधले. तोवर किंगच्या प्रयोगाची एवढी चर्चा झाली होती, की ओळखीचे लोक रस्त्यात भेटले तरी प्रकाश वळला का, हीच चौकशी करत, असे सांगतात.

१९१३ मध्ये वेर्नर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही शंकेखोरांचा एक मुद्दा उरला होता. एथिलीनडायअमिनमध्ये कार्बन आहे. प्रकाश वळवण्याचा गुण त्या कार्बनचाच कशावरून नसेल? वेर्नर यांनी १९१४ मध्ये कार्बनचा एकही अणू नसलेले कोबाल्टचे संयुग घेऊन तोच गुण दाखवला. मग बोलायला काही उरले नाही.

उरले नव्हते ते वेर्नर यांचे आरोग्यही. सतत काम, भरपूर मद्य आणि चिरूट यांत वर्षे गेली होती. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकाराने मेंदूला ग्रासले. १९१५ पासून त्यांना व्याख्याने सोडून द्यावी लागली. ज्याने केवळ डोक्याच्या बळावर अणूंची मांडणी पाहिली, त्याचे डोकेच साथ देईना. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी झ्युरिकच्या मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५२.

खेकड्याच्या नांग्या

वेर्नर गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९२० मध्ये, इंग्लंडमधल्या मॉर्गन आणि ड्र्यू यांनी दोन हातांनी धातू धरणाऱ्या अशा रेणूंना नाव दिले. ग्रीक भाषेत खेकड्याच्या नांगीला जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी चिलेट हा शब्द बनवला. यवतमाळच्या शेतकऱ्याला हा शब्द नवा नाही. कृषी केंद्रातून कपाशीवर फवारायला चिलेटेड झिंक आणतात, ते म्हणजे अशा नांग्यांत धरलेले जस्तच.

दोन हातांच्या पकडीचा फायदा सहज समजतो. एका हाताने धरलेली वस्तू हात सुटला की निसटते. अनेक हातांनी धरलेली असेल, तर एक हात सुटेपर्यंत बाकीचे धरून असतात आणि सुटलेला हात पुन्हा पकड घेतो. १९३५ च्या सुमारास जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ यांनी सहा हातांचा ईडीटीए तयार केला. हेतू होता कापड रंगवताना जड पाण्यातल्या कॅल्शियमचा उपद्रव टाळण्याचा. वेर्नर यांच्याच झ्युरिक विद्यापीठात गेरोल्ड श्वार्त्सेनबाख यांनी १९४० च्या दशकात ईडीटीएने पाण्यातला कॅल्शियम मोजण्याची पद्धत बसवली. पाण्याचा जडपणा मोजायला आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत हीच पद्धत शिकवतात.

पुढची पायरी कारखान्यासाठी महत्त्वाची ठरली. नांगी पाण्यात मोकळी सोडली, तर ती धातूला पकडते खरी, पण दोघेही पाण्यातच राहतात. हीच नांगी न विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या मण्याला घट्ट चिकटवली तर? मग धातू मण्यावर अडकतो आणि पाणी पुढे निघून जाते. आयनांची अदलाबदल करणारे कृत्रिम रेझिन अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये बनवले होते. त्यावर ईडीटीएच्या अर्ध्या भागासारखा रेणू बसवला, की साधे रेझिन चिलेट रेझिन होते. मणी भरले की आम्लाने धुवायचे. आम्लात नांग्या सैल होतात, धातू सुटतो आणि मणी पुन्हा कामाला लागतात.

साध्या रेझिनला जे जमत नाही ते इथे जमते. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यात मिठाच्या दाट पाण्यातून वीज सोडतात. एका लिटरमध्ये सुमारे ३०० ग्रॅम मीठ. जुन्या पद्धतीत पारा वापरत आणि त्याचा अंश हवेत-पाण्यात जाई. पाऱ्याने मज्जासंस्थेचे काय होते हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. पाऱ्याची जागा आता पातळ पडद्याने घेतली आहे. पण या पडद्याला कॅल्शियम चालत नाही. तो आत शिरून साका धरतो आणि महागडा पडदा निकामी करतो. म्हणून मिठाच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लिटरमागे साधारण २० मायक्रोग्रॅमच्या खाली आणावे लागतात. सोडियमच्या प्रचंड गर्दीतून चिमूटभरही नसलेला कॅल्शियम वेचायचा, हे काम चिलेट रेझिन करते. पाण्यात मोकळा क्लोरीन उरला असेल तर मणी खराब होतात, म्हणून तो आधी काढून घेतात.

पडद्यापासून कॅल्शियमला असे दूर ठेवून जो क्लोरीन मिळतो, तो विझवलेल्या चुन्यात, म्हणजे पुन्हा कॅल्शियममध्येच, मुरवला की ब्लीचिंग पावडर तयार होते. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी विहिरीत टाकतो ती हीच पावडर. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांपासून गावाला वाचवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

धातूचा मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या सांडपाण्यातही हीच जोडी कामी येते. आधी चुना टाकून निकेल, तांबे, जस्त यांचा गाळ खाली बसवतात. चुन्याला न जुमानता पाण्यात राहिलेला अंश मग रेझिन पकडते. पाऱ्यासाठी गंधकाचे हात असलेले वेगळे रेझिन लागते. यात एक पथ्य आहे. मणी धुतल्यावर निघणाऱ्या आम्लात सगळा धातू एकवटलेला असतो. तो परत मिळवून वापरला तर फायदा. ओढ्यात सोडला तर आधीचे सगळे कष्ट वाया.

औषध आणि अपाय

दवाखान्यात या नांग्यांनी कितीतरी जीव वाचवले आहेत. थॅलेसेमियाच्या मुलाला वारंवार रक्त द्यावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात आणि यकृतात साठत जाते. आधी डेफेरॉक्सामिनचे इंजेक्शन पंपाने तासन्‌तास त्वचेखाली द्यावे लागे. आता डेफेरासिरॉक्सची गोळी मिळते. ज्या सिकलसेल रुग्णांना वरचेवर रक्त भरावे लागते, त्यांनाही तिची गरज पडते. विल्सन या आजारात तांबे साठते, त्यावर पेनिसिलामिन चालते. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कामगाराच्या अंगात शिसे भिनले, तर कॅल्शियम भरलेला ईडीटीए देतात. मात्र पहिला उपचार म्हणजे त्या माणसाला शिशापासून दूर करणे. ते केले नाही तर औषध एका दाराने शिसे काढते आणि ते दुसऱ्या दाराने परत येते.

औषधातला ईडीटीए आधीच कॅल्शियमने भरलेला असतो, यामागे मोठे कारण आहे. रिकामा ईडीटीए शिरेतून वेगाने दिला, तर तो रक्तातला कॅल्शियमच ओढून घेतो. नळीत रक्त गोठू न देणारा गुण शरीरात हृदय थांबवू शकतो. अशा चुकीने मृत्यू झालेले आहेत.

तरीही हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे ऑपरेशनशिवाय विरघळवून देतो, असे सांगून चिलेशनची सलाइने विकणाऱ्यांच्या जाहिराती दिसतात. कठीण झालेल्या रक्तवाहिनीत कॅल्शियम असतो, ईडीटीए कॅल्शियम पकडतो, मग वाहिनी मोकळी होणारच, असा हा युक्तिवाद. ऐकायला तो सरळ वाटतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत थोडा फायदा दिसला होता आणि तो मधुमेहींमध्ये जास्त होता. म्हणून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवरच दुसरी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. शिशाचे प्रमाण घटले, पण झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांच्या छातीत दुखते त्यांनी असल्या सलाइनवर पैसे आणि वेळ घालवू नये. रक्तदाब, साखर, तंबाखू यांवर ताबा आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे, हाच मार्ग आहे.

वेर्नर यांचा जीव रक्तवाहिन्यांच्या याच विकाराने गेला. स्वतःच्या कल्पनेची परीक्षा देताना त्यांनी युक्तिवाद जुळतो एवढ्यावर कधी समाधान मानले नव्हते. जांभळ्या क्षारासाठी ते १४ वर्षे थांबले, प्रकाश वळवणाऱ्या जोडीसाठी १८. मग १९१४ मध्ये, नोबेल मिळाल्यावरही, उरलेली एक शंका मिटवायला पुन्हा प्रयोगशाळेत उतरले.